आखाजीची राखण

आमच्या गल्लीत चोरी व्हायची ती वर्षातून एकदाच, आणि तिचा मुहूर्त आम्हाला आधीपासून ठाऊक असायचा. चोरांनाही असायचा.

सुरतेला नवागामात आमची चोवीस खोल्यांची गल्ली होती. सगळी माणसं खानदेशातली, लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, हा आमचा दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरचा कर्ता माणूस गेलेल्या वाडवडलांच्या नावाने घागर भरतो. आखाजीला गावी न जाणारा खानदेशी माणूस एक तर दवाखान्यात असतो, नाही तर तुरुंगात. त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी उधन्याच्या स्टेशनावर जी झुंबड उडायची, तीत आमची सगळी गल्ली असायची. मागे राहायची चोवीस कुलपं.

मी तिसरीत शाळा सोडली. पण लोखंडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मी मशीन दुरुस्तीचं काम करायचो. नुसत्या आवाजावरून कुठला दाता झिजला ते सांगायचो. तर एका वर्षी मी स्वतः दुकानात जाऊन, दुकानदाराला हातोडा मारायला लावून, तळहाताएवढं कुलूप आणलं होतं. गल्लीत मी सगळ्यांना ते दाखवलं. ज्यांनी पाहायला नकार दिला त्यांनाही दाखवलं.

त्या आखाजीहून परत आलो तेव्हा दोन खोल्या फुटल्या होत्या. माझं कुलूप मात्र जसंच्या तसं. मी बायकोकडे बघून मिशीवर हात फिरवला आणि दार उघडलं. आत लख्ख ऊन पडलेलं. वर बघतो तर छपराचा एक पत्रा उचलून बाजूला ठेवलेला, आणि फळीवरचा पितळी हंडा गायब. बायकोच्या आईने लग्नात दिलेला हंडा होता तो. तिने त्या रिकाम्या जागेवरून पदर फिरवला आणि म्हणाली, “कुलूप मातर पक्कं शे तुम्हनं.”

कुलूप तुमचं पक्कं आहे, एवढंच. एकोणीस वर्षांच्या संसारात मला इतकं कोणी हाणलं नव्हतं.

पुढच्या वर्षी गोष्ट जास्त अवघड झाली. आमच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलाकडचे उधन्यालाच राहणारे, म्हणून लग्न गल्लीतच मांडव घालून करायचं ठरलं, आखाजीनंतर आठव्या दिवशी. आंदणाची भांडी आम्ही सहा वर्षं एक-एक करून जमवली होती. पितळी हंडा, तांब्याचं घंगाळ, समई, परात, ताटं. प्रत्येकावर मशीनच्या सुईने लेकीचं नाव घालून घेतलेलं. हंडा गेला तो गेला, पण लेकीची ही भांडी गेली असती तर आठ दिवसांत मी काय उभं करणार होतो? आणि सासरच्या माणसांपुढे तिची मान खाली गेली असती ती वेगळीच. गावी तर जायलाच हवं होतं. लेकीची लग्नाआधीची शेवटची आखाजी, तिला झोक्यावर बसायचं होतं. आणि मला बापाची घागर भरायची होती. एवढी भांडी घेऊन त्या गाडीत चढणं म्हणजे माणसं खाली उतरवावी लागली असती.

म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्या ओट्यावर बैठक घेतली. गल्लीत एक गुरुजी राहायचे, मराठी शाळेत शिकवणारे. ते म्हणाले, “भांड्यांवर नावं आहेत ना? नाव घातलेला माल चोर नेत नाही. विकताना पकडला जातो.”

मी म्हणालो, “गुरुजी, ते नाव वाचायला मला भांडं खिडकीपाशी न्यावं लागतं. चोरीची भांडी वितळवणारा भट्टीवाला कशाला वाचत बसेल?”

गुरुजींनी मग चौकीवर अर्ज दिला. बंद घरांची यादी, सुवाच्य अक्षरात. मीही सोबत गेलो होतो. तिथला जमादार भला माणूस, त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, “काका, नवागाम खाली, भेस्तान अर्धा खाली, सब एक ही दिन जाते हो. मेरे पास दो आदमी हैं. उसमें एक तुम्हारे खानदेश का है, वो भी छुट्टी पे जा रहा है.” आम्ही पाणी पिऊन परत आलो.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या साथीनंतर गल्लीत नवे दिवे लागले होते, त्यांचा उपयोग झाला हे मी मान्य करतो. दिवे आल्यापासून वाळत घातलेले कपडे जात नव्हते. पण रिकाम्या गल्लीत दिवा लावला तर चोरालाच नीट दिसणार, नाही का?

कोपऱ्यातल्या खोलीतला एक जण म्हणाला, एखाद्याला चांगला बडवा, दहशत बसेल. तेही आम्ही करून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी कपड्यांचं गाठोडं घेऊन जाणारा एक अनोळखी माणूस आम्ही पकडला आणि विचारायच्या आधी चार ठेवून दिल्या. तो आमच्या इस्त्रीवाल्याचा भाऊ निघाला. भाऊ आजारी म्हणून हा आमचेच कपडे न्यायला आला होता. आम्ही घरी जाऊन माफी मागितली, हात जोडले, पण दोन महिने अख्खी गल्ली चुरगळलेल्या शर्टांत कामावर गेली. चोरांना दहशत बसली की नाही, ते कळलं नाही. धोब्यांना बसली.

शेवटी मी म्हणालो, “भिंत घाला.”

आमच्या खोल्यांच्या मागे अरुंद मोकळी पट्टी होती, आणि तिच्यापलीकडे उडिया कामगारांच्या खोल्या. एकेका खोलीत दहा-दहा माणसं. पाच दिवसपाळीला गेली की पाच रातपाळीवाली त्याच सतरंजीवर झोपायची. ती सतरंजी कधी गार झाली नसेल. मधल्या वाटेने आमच्या बायका त्यांच्या बाजूच्या नळावर जायच्या. मला ती वाट खुपायची. कोण येतंय, कोण जातंय, कोणाचं नाव काय, काही पत्ता नाही. हंडा तिकडूनच गेला असणार, असं मी उघड बोलायचो. पुरावा काही नव्हता. पण माझं ठरलं होतं.

बायको म्हणाली, “त्यास्नी काय करं तुम्हनं?” त्यांनी तुमचं काय बिघडवलं?

मी दोन सुट्ट्यांमध्ये एकट्याने डोक्याइतकी उंच भिंत उभी केली आणि वर सोड्याच्या बाटल्यांच्या काचा बसवल्या. भिंत ओळंब्यात होती. आजही सांगतो, ओळंब्यात होती. बायकांना नळावर जायला सगळ्या गल्लीचा वळसा पडू लागला. चार दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. भाकरी मात्र वेळेवर मिळत होती.

आणि भिंतीच्या जोडीला पहारेकरी. गुरुजींनी शेजारच्या सोसायटीचा नेपाळी सुचवला होता. मी साफ नाही म्हटलं. “परक्याच्या हाती घर द्यायचं? माणूस आपला हवा. आपल्या मातीतला.” माझ्या गावाजवळचाच एक जण होता, लूमच्या आवाजाने कान गेल्यामुळे घरी बसलेला. त्याला मी धरून आणलं. गुरुजी म्हणाले, “पहारेकरी आणि बहिरा?” मी म्हणालो, “डोळे आहेत की त्याला.” काठी दिली, गळ्यात शिट्टी दिली. महिनाभर त्याने पहारा चोख दिला. स्वतःला शिट्टी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो ती फार जोराने वाजवायचा. गल्लीत चोर काय, मांजरही आलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही उधन्याहून गाडीत बसलो. बसलो म्हणजे मी दारापाशी एका पायावर उभा, बायको आणि लेक बायकांच्या घोळक्यात आत. मी खुशीत होतो. कुलूप, भिंत, पहारेकरी. तीन-तीन बंदोबस्त आणि तिन्ही माझे. बारडोली मागे पडली. आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून शिट्टी ऐकू आली.

पुन्हा एकदा आली. फार जोराची.

मी माणसांच्या डोक्यांवरून वाकून बघितलं. आमचा पहारेकरी खिडकीपाशी, नवा सदरा घालून, कोणाच्या तरी लहान पोरीला शिट्टी वाजवून दाखवत होता.

मी माणसं तुडवत त्याच्यापाशी गेलो आणि त्याच्या कानाशी ओरडलो, “अरे, तू इथं? मग गल्लीत कोण?”

तो उठून उभा राहिला, मला जागा दिली. “बसा नाना. मी म्हटलं, सगळे दिसले, नाना कसे दिसले नाहीत.”

“गल्लीत कोण आहे?”

“कोणीच नाही.” माझ्या प्रश्नाचंच त्याला नवल वाटलं. “आखाजी ना नाना! घरी घागर कोण भरणार माझ्या?”

डबा हसत होता. माझ्या मातीतला माणूस हवा म्हणून मीच तर हट्ट धरला होता, आणि आमच्या मातीतला माणूस आखाजीला काय करतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? नेपाळी असता तर सुरतेला असता. पण हे तेव्हा मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

मी बायकोला सांगितलं, मी परत जातो. ती म्हणाली, “आवो, ऐकी तं ल्या—” मी म्हणालो, “आता ऐकायची वेळ नाही.” लेक मला दादाच म्हणते. ती म्हणाली, “दादा, आई काय म्हणते ते—” मी व्यारा आल्याबरोबर उडी टाकली. मागे वळून पाहिलं तर दोघी खिडकीत, आणि बायको चक्क हसत होती. मला वाटलं, हिला काळजी म्हणून नाही.

व्याऱ्याहून एसटी पकडली. दुपारी बाराच्या सुमारास नवागामात पोचलो. गल्ली अशी सुनसान की माझ्याच चपलांचा आवाज मला परका वाटला. चोवीस दारं, तेवीस कुलपं. माझ्या दाराला कुलूप नव्हतं. दार लावलेलं, आतून कडी.

म्हणजे चोर आत होते. भर दुपारी, आरामात.

ओरडून बोलवायला गल्लीत माणूस नाही. पुढून दार ठोठावलं तर ते मागच्या दाराने पळणार. मी विचार केला, मागून जायचं आणि मुद्देमालासकट धरायचं. मागे जायचं तर उडियांच्या बाजूने, आणि मध्ये माझी भिंत. मी वळसा घालून तिकडे गेलो, चपला काढून कमरेला खोचल्या आणि भिंतीवर चढलो. काचा कुठे कमी आहेत ते मला ठाऊक असायला हवं होतं. पण मी कुठेच कमी ठेवल्या नव्हत्या. हात कापला, तळवा कापला, धोतर अडकलं. मी असा भिंतीवर लटकलेला असताना मागचं दार उघडून एक काळासावळा गडी बनियनवर बाहेर आला. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. आणि दोघं एकदमच ओरडलो, “चोर!”

तो आत पळाला आणि लेकीच्या आंदणाची परात घेऊन बाहेर आला. डाव्या हातात परात, उजव्या हातात लोखंडी कलथा. देवळातल्या घंटेसारखी ती परात त्याने बडवली. बाजूच्या खोल्यांतून झोपेतली माणसं धावत आली. मला पाय धरून खाली ओढलं, मातीत बसवलं, दोघांनी दंड धरले.

मी म्हणालो, “मेरा घर है!”

“तेरा घर है तो दीवार से काहे को आता है?”

एरवी चोवीस घरांनी साक्ष दिली असती, पण ती चोवीस घरं तेव्हा नंदुरबारच्या पुढे पोचली होती. ज्या माणसांना ‘कोण कोणाचं कळत नाही’ म्हणून मी भिंत घातली, त्यांच्यात मी बसलो होतो आणि मी कोणाचा हे सांगणारं कोणी नव्हतं. मग मी जे मला येतं ते केलं. आवाज चढवला. अहिराणीत, हिंदीत, जमेल तेवढ्या गुजरातीत. त्यांच्या बापजाद्यांपासून चौकीच्या जमादारापर्यंत सगळ्यांची नावं घेतली.

तेवढ्यात त्यांच्या मेसमध्ये स्वयंपाक करणारा म्हातारा पिठाचे हात पुसत आला. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असेल. त्याने दोन मिनिटं माझं ओरडणं शांतपणे ऐकलं आणि मग हसून म्हणाला, “छोडो, छोडो. यही मालिक है. भाभी बोली थी, एक आदमी आधे रास्ते से वापस आ सकता है. बहुत चिल्लाएगा. उसको पहले चाय देना.”

माझे दंड सुटले.

चहाबरोबर सगळं कळलं. नळावर बायकोची या म्हाताऱ्याशी कित्येक वर्षांची ओळख. ती त्याला लोणचं द्यायची, तो तिला सुकी मासळी देऊ करायचा आणि ती दरवेळी नाही म्हणायची. भिंत झाल्यावर ती वळसा घालून जाऊ लागली, पण बोलणं तुटलं नाही. रातपाळीवाल्यांना वैशाखात पत्र्याखाली दिवसा झोप येत नव्हती. आमच्या खोलीवर कडुलिंबाची सावली. तिने दुसरी किल्ली म्हाताऱ्याला दिली आणि सांगितलं, आम्ही येईपर्यंत तुमच्या पोरांना दिवसा-रात्री आमच्या खोलीत झोपू द्या. घर एक क्षणही रिकामं नको. मी आत जाऊन पाहिलं. माझं तळहाताएवढं कुलूप खुंटीला टांगलेलं. जमिनीवर चार माणसं झोपलेली, आणि उशाशी भिंतीला लावून हंडा, घंगाळ, समई, ताटं, सगळी ओळीने मांडलेली. हात लावल्याशिवाय चोराला नेता आलीच नसती, आणि हात लावला तर आधी माणसाच्या डोक्याला लागला असता.

म्हाताऱ्याने माझ्या हातापायांवर हळद दाबून फडकी बांधली. पाय टेकवत नव्हता. त्या पायाने तसल्या गर्दीच्या गाडीत चढणं शक्य नव्हतं. म्हणजे बापाची घागर भरायची राहिली. पहारेकऱ्याने मात्र स्वतःची भरली असणार.

मी पुन्हापुन्हा पाय टेकवून बघतोय हे पाहून म्हाताऱ्याने कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, “पानी इधर भी है.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाजारातून लाल मातीची घागर आणली. मी लंगडत ओट्यावर बसलो, घागर भरली, वर लहान मडकं आणि त्यावर आंबा ठेवला. पूर्वजांच्या जागी कोणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवायचं असतं. गल्लीत होतं कोण? म्हाताऱ्यालाच बसवलं. मी आमरस पिळला, बाकी जेवण त्याच्याच मेसमधलं, भात आणि भाज्या घातलेलं वरण. माझा बाप जन्मात भात आवडीने जेवला नाही. त्या दिवशी जेवला.

पाण्याची धार सोडताना मी बापाचं, आजाचं नाव घेतलं. म्हातारा हळूच म्हणाला, “इसमें मेरे बाप का नाम चलेगा?” मी म्हटलं, सांग. त्याचं नाव माझ्या जिभेवर नीट बसेना, तीनदा घेतलं तेव्हा जमलं. मग मागच्या दारात उभी असलेली पोरंही एकेक नाव सांगू लागली. घागरीत पाणी पुरेना. दुसऱ्यांदा भरली.

गावाहून बायको परतली तेव्हा भिंतीला माणूसभर रुंदीचं खिंडार होतं. तिने पाहिलं. मी म्हणालो, “हवा येत नव्हती मागून.” ती म्हणाली, “हां.”

मी नंतर विचारलं, गाडीत सांगायला काय झालं होतं? म्हणाली, सांगत तर होते. आणि सांगितलं असतं तरी तुम्ही उतरला असताच, वर रागाने पोरांना बाहेर काढलं असतंत. त्यापेक्षा डोळ्यांनी बघू दिलं.

आता मी काही बायकोचीच पद्धत खरी असं लिहून देणार नाही. तिच्यातही खोट आहे. दोन वर्षांनी मेसमध्ये नवी पोरं आली, म्हातारा गावी गेलेला, आणि त्यांनी आमची कैरीच्या लोणच्याची बरणी तळापर्यंत पुसून खाल्ली. तिची पद्धत माणसं ओळखीची असतील तोवर चालते, आणि माणसं बदलत राहतात. कुलूप बदलत नाही. म्हणून मी कुलूप लावतोच. आता मुलाच्या फ्लॅटवर राहतो, तिथे जिन्यात कॅमेरे आहेत. परवा दारातून माझ्या चपला गेल्या. कॅमेऱ्यात चोर अगदी स्वच्छ दिसतो, पण तो कोण हे बिल्डिंगमध्ये कोणालाच सांगता आलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. आंदणाची भांडी त्या खिंडारातून उडिया पोरांनीच वाजतगाजत मांडवात आणली, आणि म्हातारा पहिल्या पंगतीला बसला. विहीणबाईंनी भांडी एकेक हातात घेऊन पाहिली. परातीला मधोमध टपोरा पोचा होता, कलथ्याचा. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे काय? नव्या भांड्याला?”

माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. लेक नवरीच्या मुंडावळ्यांतून खाली बघत म्हणाली, “दादा घरी आले होते, तेव्हाचा आहे.”

पोचा काढून देतो म्हणून मी तिला कितीदा म्हटलं. लोखंड-पितळेचं काम मला येतं, दहा मिनिटांचं आहे. ती देत नाही. अजून त्याच परातीत पीठ मळते.